बाबांचं ‘पित्त’, ईआरसीपी आणि आत राहिलेली नळी

कृष्णाकाठ

मंडळी, गेल्या महिन्यात आमच्या घरात जे झालं ते लिहून ठेवतोय. एक तर रात्री अडीच वाजता हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी मोबाइलवर मराठीत ‘ईआरसीपी’ (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेतले खडे काढायचा उपाय) शोधत होतो आणि कामाचं काही हाती लागलं नाही. दुसरं कारण शेवटी येतंच आहे.

बाबा 71 वर्षांचे, कराडजवळ गावीच असतात. चार-पाच वर्षं त्यांना ‘पित्ताचा त्रास’. लग्नाकार्यात जेवले की रात्री पोटाच्या वरच्या भागात, जरा उजवीकडे कळ यायची. पाठीत पार खांद्याच्या पात्यापर्यंत जायची आणि दोन-तीन तासांनी थांबायची. आई म्हणायची, पित्त खवळलंय. मग आमसुलाचं सार, मोरावळा, गुलाबी औषध दोन चमचे. कळ आपली आपण थांबायची आणि श्रेय मोरावळ्याला जायचं. आपल्याकडे आंबट ढेकर आली तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, डोकं चढून उलटी झाली तरी पित्तच. खरं पित्त ज्या पिशवीत असतं, तिची आठवण मात्र कुणाला झाली नाही. मलाही नाही, उगाच आईवर ढकलत नाही.

एका गुरुवारी बाबांना हुडहुडी भरून ताप आला. दोन गोधड्या घालूनही दात वाजत होते. शुक्रवारी डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी. शेजारचे काका काविळीची माळ घेऊन आले. वसूच्या मुळीचे तुकडे दोऱ्यात ओवलेली ती माळ डोक्यावर ठेवायची. ती सैल होत होत गळ्यात उतरली, की कावीळ उतरली. दीड दिवस आम्ही त्या माळेकडे बघत बसलो. रविवारी ताई आली. तिने डोळे पाहिलेच, पण आईला विचारलं, “यांना शौचाला कसली होते?” पांढरट, शाडूसारखी. बाबा पोटरीवर खाजवून खाजवून रक्त काढत होते. ताईने गाडी काढायला लावली.

बिलिरुबिन (रक्तातलं कावीळ दाखवणारं द्रव्य) 11.4, पांढऱ्या पेशी 19,000, दोन्ही खूप वाढलेले. सोनोग्राफीत पित्ताशय खड्यांनी भरलेलं आणि पित्तनलिका फुगून 13 मिमी. एमआरसीपीत (पित्तनलिकेच्या एमआरआयमध्ये) नलिकेच्या खालच्या टोकाला दोन खडे. रात्रभर सलाइनमधून अँटिबायोटिक, व्हिटॅमिन के चं इंजेक्शन आणि सकाळी ईआरसीपी.

खोलीबाहेर शिशाचे जड एप्रन रेनकोटसारखे खुंट्यांना टांगले होते. ते अंगावर चढवून एकेक जण आत गेला. बाबांना पालथं झोपवून भूल दिली. पाऊण तासाने डॉक्टर बाहेर आले आणि मोबाइलवर एक्स-रेचा फोटो दाखवला. एक जाडसर फांदी, तिच्या टोकाशी दोन गोल पोकळ्या. म्हणाले, नलिकेचं तोंड कापून मोठं केलंय, एक खडा निघाला, दुसरा 15 मिमीचा आहे, आज निघेना, म्हणून नळी टाकून वाट करून दिलीय.

शुद्धीवर आल्यावर बाबांचा पहिला प्रश्न, “खडा दाखवा.” सिस्टर म्हणाली, तो आतड्यात सोडला, आपोआप जाईल. बाबांना हे अजिबात पटलेलं नाही. एवढे पैसे मोजले आणि खडा नाही?

आता दुसरं कारण. बिलिरुबिन उतरलं, चौथ्या दिवशी घरी सोडलं. नळी काढायची असते, केव्हा काढायची, उरलेल्या खड्याचं काय, यावर एक शब्द कुणी बोललं नाही. डिस्चार्ज कार्डावर खालून तिसऱ्या ओळीत होतं: ‘सीबीडी स्टेंट इन सिटू. फॉलोअप एसओएस.’ म्हणजे पित्तनलिकेतली नळी आतच आहे, आणि एसओएस म्हणजे गरज वाटली तर या. गरज कुणाला वाटायची, बाबांना की नळीला? ताईने ती ओळ वाचली नसती तर आम्ही कार्ड फाइलीत घालून मोकळे झालो असतो.

जाणकारांनी सांगा: नळी किती दिवस राहू द्यायची? आणि पित्ताशय काढायचंच का?

चिंचपाणी

बापरे. बाबांना आता बरं वाटतंय ना? पित्ताचं अगदी खरं. माझ्या सासूबाई दहा वर्षं सोडा पीत होत्या.

झुळूक

वाचतेय. वाचनखूण साठवली.

दीडदांडी

माझ्या मामांची गोष्ट सांगतो, घाबरवायला नाही. त्यांना अशीच प्लास्टिकची नळी टाकली होती. त्रास थांबला, मामा शेतात. दोन वर्षांनी पुन्हा थंडी-ताप-कावीळ, थेट आयसीयू. नळी गच्च भरलेली, तिच्याभोवतीच नवा खडा धरला होता. नळी ओढली तर तुटली, अर्धी आत. तीनदा दुर्बीण घालावी लागली. टाकणाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, आम्ही लिहिलं होतं. काढलं कार्ड. लिहिलं होतं खरं, इंग्रजीत. मामा सातवी शिकलेले.

जठरानंद

मी पोटविकारांचं काम करतो. इथे कुणाला औषध सांगणार नाही, पण या धाग्यावर गप्प बसवत नाही.

कृष्णाकाठ, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. प्लास्टिकची नळी साधारण तीन महिन्यांच्या आत काढायची किंवा बदलायची. ती रिफिलएवढी असते, जाडी तीन मिमीच्या आतबाहेर. त्यात जंतूंचा थर बसतो, मग पित्ताचा गाळ, आणि ती तुंबते. तुंबली की तुमचा तो गुरुवार पुन्हा. तीन महिने संपायची वाट बघू नका. मोठा खडा आत आहे, तेव्हा सहा-आठ आठवड्यांत दुसरी खेप ठरवून घ्या. नळीशेजारी घासून घासून खडा तोवर थोडा झिजतोही.

आता आत काय असतं ते. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. पित्ताशय ही फक्त साठवणीची पिशवी, तिच्यात मावतं 30 ते 50 मिली, पण पाणी शोषून ती पित्त घट्ट करून ठेवते. तुम्ही तुपातला शिरा खाल्लात की पिशवी आवळते आणि पित्त नलिकेतून लहान आतड्यात उतरतं. पिशवीच्या तोंडाशी खडा अडकला तर तीच ती लग्नाच्या जेवणानंतरची कळ. खडा सुटला की कळ थांबते. मोरावळ्याचा संबंध नाही (मोरावळा मला आवडतो).

पित्तनलिका जिथे आतड्यात उघडते तिथे भिंतीवर बोंडासारखा छोटा उंचवटा आहे. बहुतेकांत स्वादुपिंडाची नलिकाही तिथेच येऊन मिळते. खडा पिशवीतून निसटून तिथे बसला की मागे पित्त तुंबतं: कावीळ, पांढरी शौच, खाज. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले की हुडहुडी भरून ताप. ताप, कावीळ आणि उजवीकडचं दुखणं हे त्रिकूट शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1877 साली लिहून ठेवलंय. हे तिन्ही एकत्र दिसले तर ती माळेची कावीळ नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि तोच खडा स्वादुपिंडाची वाट अडवून बसला तर स्वादुपिंडाला सूज येते. ते आणखी वेगळं संकट.

साध्या एंडोस्कोपीचा कॅमेरा समोर बघतो. ईआरसीपीच्या दुर्बिणीचा कुशीला असतो, कारण बोंड आतड्याच्या बाजूच्या भिंतीवर आहे. समोर बघत गेलात तर पुढे निघून जाल. बोंडातून आधी बारीक तार, तिच्यावरून नळी, मग एक्स-रेत दिसणारं औषध नलिकेत सोडलं की फांदी दिसते. विजेच्या तारेने बोंडाचं तोंड कापायचं, फुगा खड्याच्या वर नेऊन फुगवायचा आणि खाली ओढायचा, नाहीतर तारेच्या टोपलीत खडा पकडायचा. खडा आतड्यात पडतो. तोंडातून बाहेर काढत बसत नाही, त्यामुळे बाबांचा रुसवा मी समजू शकतो, पण इलाज नाही.

अवांतर: अमेरिकेत मॅक्यून यांनी 1968 साली पहिल्यांदा अशी नलिका गाठली, पण ते फक्त बघण्यापुरतं. तोंड कापून खडा काढणं सुरू झालं 1974 साली, जर्मनीत एर्लांगेनला क्लासेन आणि डेमलिंग, आणि त्याच वर्षी जपानात क्योटोला कावाई. त्याआधी नलिकेतल्या खड्यासाठी पोटच उघडावं लागे.

बोरकूट

डॉक्टरसाहेब, दंडवत. पण एक विचारतो, राग मानू नका. हल्ली सोनोग्राफीत जरा काही दिसलं की ‘ईआरसीपी करून बघू’ म्हणतात. बघायला म्हणून एवढं सगळं?

जठरानंद

राग कसला, प्रश्न रास्त आहे. नुसतं ‘बघायला’ ईआरसीपी करायचे दिवस गेले. बघायला एमआरसीपी आहे, त्यात ना भूल ना दुर्बीण. अगदी बारीक खडा असेल तर एंडोसोनोग्राफी: दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी, जठर-आतड्याच्या आतून नलिका बघायची. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीला नलिकेचं खालचं टोक आतड्यातल्या गॅसमुळे बऱ्याचदा दिसत नाही. ‘नलिकेत खडा आहे हे कशावरून?’ असं विचारा. नीट उत्तर मिळालं तरच पुढे.

कारण ईआरसीपी निरुपद्रवी नाही. शंभरांतल्या साधारण तीन ते दहा जणांना नंतर स्वादुपिंडाला सूज येते. बहुतेकांची चार दिवसांत ओसरते, थोड्यांची फार चिघळते. म्हणून त्या वेळी गुदद्वारातून इंडोमेथॅसिनची गोळी देतात. 2012 साली एका मोठ्या अभ्यासात तिचा फायदा दिसला. स्वस्तातली, जुनी गोळी. रक्तस्राव किंवा आतड्याला छिद्र हे त्याहून कमी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. ‘हृदयाची एक छोटी गोळी’ म्हणून लोक सोडून देतात आणि नेमकी तीच असते.

हिरवी वाट

एवढी कापाकापी कशाला? पाच दिवस सफरचंदाचा रस, सहाव्या दिवशी एप्सम सॉल्ट, रात्री ऑलिव्ह तेल आणि लिंबू. सकाळी हिरवे खडे पडतात. माझ्या नणंदेचे चाळीस पडले, मी डोळ्यांनी पाहिलेत. पाण्यावर तरंगत होते.

बोरकूट

ताई, एवढं तेल प्यायल्यावर चाळीसच पडले?

जठरानंद

हिरवी वाट, तुम्ही पाहिलं ते खोटं नाही, पण ते खडे नव्हेत. 2005 साली ‘लॅन्सेट’मध्ये न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी असेच ‘खडे’ तपासून छापले होते. ते निघाले साबणाचे गोळे. तेल आणि लिंबू पोटात एकत्र येऊन तयार झालेले, गरम केल्यावर वितळणारे. नणंदेची सोनोग्राफी परत करून बघा, पिशवीतले खडे जागेवर असतील. खरं सांगायचं तर काळजी वेगळीच आहे. एवढ्या तेलाने पिशवी जोरात आवळली आणि एखादा बारीक खडा नलिकेत घसरला, तर हा धागा तुम्हाला लिहावा लागेल.

खडे विरघळवणाऱ्या गोळ्या आहेत. त्या लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवरच चालतात, महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात आणि बंद केल्यावर खडे बऱ्याचदा परत होतात.

हिरवी वाट

तुमचा धंदा बसेल म्हणून असं म्हणता. असो.

उंबरठा

माळेबद्दल. आमच्याकडे हातावरून कावीळ उतरवायचे. हातावर कसलासा रस चोळून चुन्याच्या पाण्यात धुवायचे, पाणी पिवळं धमक. लहानपणी मला तो चमत्कार वाटे. मग अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी शाळेत येऊन करून दाखवलं: आंब्याच्या अंतरसालीचा रस, हात निरोगी मुलाचा, पाणी तेवढंच पिवळं! आपली नेहमीची कावीळ विषाणूची असते आणि बहुतेक वेळा आपोआप बरी होते, म्हणून माळ यशस्वी. नलिका तुंबलेली कावीळ बसून राहते.

मांजराकाठ

लातूरहून लिहितोय. इथे स्वादुपिंडाचा विषय निघालाय म्हणून.

माझा पुतण्या, आता 24 वर्षांचा. पंधराव्या वर्षापासून पोटदुखी. दुखायला लागलं की गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसायचा, तसंच बरं वाटायचं. जंत, अल्सर, ‘अभ्यास नको म्हणून नाटक’ हे सगळं ऐकून झालं. शेवटी सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या नलिकेत खडे. होय, तिथेही होतात. पहिला प्रश्न सगळीकडे एकच: किती पितो? पोराने दारूचा थेंब कधी घेतला नाही. आमच्या वहिनी तो प्रश्न आला की खाली बघायच्या.

आमच्या भागातले लोक पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबादला जातात, आम्हीही गेलो. तिथे कळलं की दारूशिवाय होणारा हा आजार केरळात फार पूर्वीपासून माहीत आहे, तरुण पोरांना होतो, खडे होतात आणि पुढे मधुमेह. किडनीच्या खड्यासारखे बाहेरून तरंग मारून आधी खड्यांचा भुगा केला, तीन दिवस रोज एक बैठक. मग ईआरसीपी करून भुगा काढला आणि नलिकेत नळी. नळी वर्षभर ठेवली, मधे बदलत राहिले. पहिल्या महिन्यातच पोरगा पाठ टेकून झोपायला लागला. वहिनी रात्री उठून बघायच्या, सरळ झोपलाय का.

दुखणं गेलंय, रोग गेलेला नाही, हे मात्र डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. प्रत्येक जेवणासोबत पाचक विकरांच्या कॅप्सूल घेतो. पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, जेवण झाल्यावर नाही. आम्ही सहा महिने चुकीच्या वेळी देत होतो.

चिंचपाणी

मांजराकाठ, वहिनींचं वाचून पोटात कालवलं.

रात्रपाळी

माझं उलट. मी पीत होतो, आणि तेच कारण होतं. स्वादुपिंडाला सूज, सतरा दिवस आयसीयू. नंतर पोटात सडलेल्या भागाचं नि पाण्याचं मोठं गळू झालं, जठराच्या मागे. जेवण जाईना. मला वाटलं लगेच काढतील, पण चार आठवडे थांबवलं. भिंत पक्की झाल्याशिवाय हात लावत नाहीत म्हणे. मग एंडोसोनोग्राफीने जठराच्या आतून भोक पाडून धातूचा स्टेंट बसवला. डमरूसारखा असतो, दोन्ही तोंडं रुंद, मधे बारीक. एक तोंड गळवात, एक जठरात. सगळी घाण जठरात उतरली. पोटावर एक टाका नाही.

तो डमरू महिनाभरात काढला. मला तारीख लिहून दिली होती आणि आदल्या आठवड्यात फोनही आला होता. सगळीकडे कृष्णाकाठसारखं नसतं. अडीच वर्षं झाली, थेंब नाही.

बोरकूट

+१. शेवटच्या वाक्याला जास्त.

पाचूबेट

मी न्यू जर्सीत. इथे 2015 च्या सुमारास ईआरसीपीच्या दुर्बिणींमुळे औषधांना दाद न देणारे जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेल्याच्या बातम्या होत्या. भारतात काय परिस्थिती?

जठरानंद

खरं आहे. या दुर्बिणीच्या टोकाला तार वळवणारी बारीक पट्टी असते, तिच्या मागची फट धुवायला अवघड. त्यानंतर काढून फेकता येईल अशा टोपीच्या दुर्बिणी निघाल्या. भारताबद्दल सरसकट बोलणार नाही. दुर्बीण कशी धुता, किती वेळ बुडवता, वाळवता कशी, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. चांगली जागा असेल तर चिडणार नाहीत.

झुळूक

मला सोनोग्राफीत दोन खडे निघालेत, कंबरदुखीसाठी केली होती. त्रास काहीच नाही. काढू का पित्ताशय?

जठरानंद

त्रास नसलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, त्यामुळे सरसकट काढत नाहीत. काही अपवाद असतात, ते तुमचा रिपोर्ट बघून सर्जन सांगतील. पण एकदा खडा नलिकेत उतरला किंवा स्वादुपिंडाला सूज आली की गोष्ट बदलते. म्हणून कृष्णाकाठ, तुमचा दुसरा प्रश्न: हो, काढायचंच. ईआरसीपीने नलिका मोकळी होते, खड्यांची पिशवी तशीच राहते. नलिका साफ झाल्यावर फार रेंगाळू नका, दोन आठवड्यांच्या आत झालेलं बरं.

उंबरठा

माझ्या आईचं पित्ताशय 1986 साली काढलं, पोटावर वीतभर व्रण. आता दुसऱ्या दिवशी माणूस घरी. दुर्बिणीतून पित्ताशय काढायची भारतातली पहिली शस्त्रक्रिया 1990 साली मुंबईत जे.जे.मध्ये डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी केली. आईचं चार वर्षांनी हुकलं.

चिंचपाणी

खर्चाचंही कुणीतरी लिहा.

मांजराकाठ

रेशनकार्ड असेल तर भरती व्हायच्या आधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला गाठा. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते तोच सांगेल. विम्याचे कॅशलेसवाले असाल तर दुसरी खेप ‘आधीच ठरलेला उपचार’ आहे हे पहिल्याच डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. नाहीतर नळी काढायच्या वेळी टीपीए (विमा कंपनीचा दावे तपासणारा मध्यस्थ) विचारतो, हे पूर्वी का नाही सांगितलं?

कृष्णाकाठ

धागा वर काढतोय. सात आठवडे झाले.

दुसरी खेप दुसरीकडे केली. त्यांनी बोंडाचं तोंड फुग्याने ताणून मोठं केलं आणि 15 मिमीचा खडा टोपलीत चुरडून काढला. नळी निघाली. मी ती मागून घेऊन बघितली: फिकट निळी, बोटभर लांब, आतून तूप कढवल्यावर खाली राहते त्या बेरीसारखा काळपट गाळ, आरपार उजेड दिसत नव्हता. सात आठवड्यांत हे. तीन दिवसांनी पित्ताशय काढलं, चार भोकं, परवा घरी आलो.

आमच्या ताईने आता घरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, लाल पेनाने पुढची तपासणी लिहून ठेवलीय. काकांनी माळ परत नेली, मसूर गावी कुणाला तरी हवी होती. मी त्यांच्याकडे त्या घरचा फोन नंबर मागून घेतला आणि शौचेचा रंग विचारला. ते लोक जरा विचित्र वाटून गप्प झाले, पण सांगितला. पिवळाच होता.

बाबांना पित्ताशयातले खडे बाटलीतून मिळाले. काल त्यांनी ते पेपरवर ओतून मोजले. 43. येईल त्याला दाखवतात. आईचं म्हणणं एवढंच, की ती बाटली देवघराखालच्या फळीवरून आधी हलवा, तिथे तिचा मोरावळा असतो.